फुकटात मिळालेली सडकी होडी त्याने तेरा महिने खपून उभी केली, आणि त्याच होडीतून एकट्याने जगाची फेरी मारली

१८९२ चा हिवाळा. अमेरिकेतलं बोस्टन बंदर. पन्नाशीकडे झुकलेला एक कप्तान कामाच्या शोधात गोदीवर हिंडत होता. एकेकाळी याच माणसाच्या हाताखाली तीन डोलकाठ्यांचं, अमेरिकेतल्या सुंदर जहाजांत गणलं जाणारं जहाज होतं. आता मात्र गोदीत सुतारकाम करायचं तरी आधी कामगारांच्या संघटनेला ५० डॉलर भरा, असं त्याला ऐकावं लागत होतं. तेवढे पैसे त्याच्याकडे नव्हते.

अशात त्याला एक जुना ओळखीचा भेटला. एबेन पियर्स त्याचं नाव. देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांवर आयुष्य काढून निवृत्त झालेला हा कप्तान. त्याने सांगितलं, फेअरहेवनला ये, तुला एक जहाज देतो. फक्त थोडी दुरुस्ती करावी लागेल.

गडी दुसऱ्याच दिवशी फेअरहेवनला पोहोचला. बघतो तर काय, समुद्रापासून लांब, एका माळावर टेकू देऊन उभी केलेली एक जुनाट होडी. वर फाटकं ताडपत्र. सात वर्षं कुणी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. लाकूड सडलेलं. मित्राने आपली चक्क थट्टा केली, हे त्याच्या लक्षात आलं.

दुसरा कुणी असता तर शिव्या घालून परत गेला असता. हा गेला नाही. त्याने कुऱ्हाड हातात घेतली आणि जवळचं एक ओकचं झाड पाडलं.

या माणसाचं नाव जोशुआ स्लोकम. एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीची पूर्ण फेरी मारणारा जगातला पहिला माणूस. आणि ती होडी म्हणजे स्प्रे.

स्लोकमची गोष्ट सांगताना लोक बहुतेक वेळा थेट त्या प्रवासावर येतात. चाचे, वादळं, केप हॉर्न वगैरे. पण खरी गंमत त्याच्या आधीच्या तेरा महिन्यांत आहे. आणि खरं दुःख त्याच्या नंतरच्या दहा वर्षांत.

बापाने जहाज मोडलं, पोराने घर सोडलं

स्लोकमचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ चा. गाव कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियामधलं. अकरा भावंडांतला हा पाचवा. आईच्या माहेरी समुद्राचं वातावरण होतं, बाप मात्र कडक शिस्तीचा. घरची शेती परवडेना म्हणून कुटुंब ब्रायर आयलंड नावाच्या छोट्या बेटावर आलं आणि बापाने कोळ्यांसाठी बूट शिवायचं दुकान टाकलं. दहा वर्षांच्या जोशुआची शाळा सुटली आणि तो दुकानात बसून कातडं भिजवायला, खिळे ठोकायला लागला.

त्याचं लक्ष मात्र खिडकीबाहेरच्या समुद्राकडे. एकदा तळघरात लपूनछपून त्याने जहाजाची एक छोटी प्रतिकृती बनवली. बापाला ती सापडली. बापाने पोराला मारलं आणि ते जहाजही आपटून मोडलं.

वयाच्या चौदाव्या वर्षी जोशुआ घरातून पळाला आणि एका मासेमारीच्या जहाजावर स्वयंपाकी म्हणून लागला. त्याच्या हातचं खाऊन खलाशी इतके वैतागले की त्यांनी लगेच त्याला हाकलून दिलं. पण १८६० मध्ये आई गेली आणि घराशी बांधून ठेवणारा शेवटचा धागाही तुटला. सोळाव्या वर्षी तो कायमचा समुद्रावर गेला. साधा खलाशी म्हणून चढला आणि पंचविशीपर्यंत कप्तान झाला. दरम्यान त्याने अमेरिकेचं नागरिकत्वही घेतलं.

१८७१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत त्याची गाठ व्हर्जिनिया वॉकरशी पडली आणि काही आठवड्यांत लग्नही झालं. ही बाई नवऱ्याची वाट बघत किनाऱ्यावर बसणाऱ्यांतली नव्हती. ती जहाजावरच राहिली. सात मुलं झाली, तीही जहाजावर नाहीतर कुठल्यातरी परक्या बंदरात. त्यातली तीन लहानपणीच गेली.

तिकडे स्लोकमची चढती कमान सुरू होती. फिलिपिन्समध्ये त्याने स्वतः जहाजबांधणी केली. शेवटी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्दर्न लाइट नावाच्या भल्यामोठ्या जहाजाचा तो कप्तान आणि भागीदार झाला. त्याच्या धंद्यातला माणूस याच्या वर जाऊ शकत नव्हता.

मग सगळं एकेक करून हातातून गेलं

नॉर्दर्न लाइटवर खलाशांनी बंड केलं. पुढे एका अधिकाऱ्याला कैदेत ठेवून हाल केल्याच्या आरोपावरून स्लोकमवर खटला झाला आणि न्यायालयाने त्याला ५०० डॉलरचा दंड ठोठावला. जहाजही गेलं. मग त्याने अक्विडनेक नावाचं लहान जहाज घेतलं. १८८४ मध्ये त्याच जहाजावर, ब्यूनस आयर्स जवळ असताना, व्हर्जिनिया आजारी पडली आणि गेली. ती अवघी ३४ वर्षांची होती. मुलांनी पुढे सांगितलं की त्यानंतर बाप पूर्वीसारखा कधीच राहिला नाही.

दोन वर्षांनी त्याने आपल्या नात्यातल्याच हेट्टीशी दुसरं लग्न केलं. ती २४ वर्षांची. तिच्या पहिल्याच सफरीत कॉलऱ्यामुळे बंदरं बंद झाली, मग जहाजावर देवी आल्या, खलाशी मेले. एका रात्री काही खलाशी स्लोकमवर चालून आले, त्याने बंदूक चालवली आणि एकजण ठार झाला. खटल्यात तो निर्दोष सुटला. पण १८८७ च्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्यावर अक्विडनेक वाळूत रुतलं आणि फुटलं. विमा काढलेला नव्हता. म्हणजे आयुष्यभराची कमाई वाळूत गेली.

परक्या देशात, बायको आणि दोन मुलं सोबत, खिशात काही नाही. अशा वेळी स्लोकमने काय केलं? फुटक्या जहाजातून वाचलेलं सामान आणि जंगलातलं लाकूड घेऊन ३५ फुटांची होडी बांधली. १३ मे १८८८ ला ती पाण्यात उतरली. त्याच दिवशी ब्राझीलमधल्या गुलामांना स्वातंत्र्य मिळालं, म्हणून तिचं नाव ठेवलं लिबरदादे, म्हणजे स्वातंत्र्य. त्या होडीतून सुमारे साडेपाच हजार मैल कापून त्याने कुटुंबाला अमेरिकेत आणलं.

हेट्टीने मात्र त्यानंतर समुद्राला हात जोडले. नवऱ्याबरोबर ती पुन्हा कधीच सफरीला गेली नाही.

आणि स्लोकमला कामही मिळेना. कारण काळ बदलला होता. वाफेवर चालणारी लोखंडी जहाजं आली होती. शिडाची मोठी जहाजं मोडीत निघत होती, नाहीतर डोलकाठ्या कापून कोळसा वाहायला लावली जात होती. तीस वर्षं ज्या विद्येवर माणूस जगला, ती विद्याच जगाला नको झाली होती. माळावर पडलेली ती होडी आणि हा कप्तान, दोघांचीही गत सारखीच होती.

दुरुस्ती म्हणजे नेमकं काय केलं?

फेअरहेवनला स्लोकमने कुऱ्हाड उचलल्यावर गावात चर्चा सुरू झाली. लोक येऊन विचारायचे, ही मोडून सरपण करणार का? तो सांगायचा, नाही, पुन्हा बांधणार. लगेच पुढचा प्रश्न, परवडेल का? पुढचं वर्षभर तो याच प्रश्नाला उत्तर देत होता.

स्प्रे मुळात कालवं गोळा करायची होडी होती. एक डोलकाठी, बुटकी, पोटाला रुंद. किती जुनी होती हे कुणालाच धड माहीत नव्हतं. काही लोक तर ती शंभर वर्षांपूर्वीची असल्याचं सांगायचे. तिचं लाकूड इतकं गेलेलं होतं की दोन-चार फळ्या बदलून भागणार नव्हतं. म्हणून स्लोकमने वेगळी पद्धत धरली. होडी एकदम मोडायची नाही. जुना भाग मापाला ठेवायचा, त्याच्यासारखाच नवा भाग घडवायचा, तो जागेवर बसवायचा आणि मग पुढच्या भागाकडे जायचं.

सुरुवात तळाच्या कण्यापासून. होडीच्या तळाशी पुढून मागे जाणारा जो मुख्य वासा असतो, त्यावर सगळी होडी उभी असते. पाडलेल्या ओकचा तो वासा झाला. गावातल्या एका शेतकऱ्याने थोड्या पैशांत हा ओंडका आणि बाकीचं लाकूड वाहून आणून दिलं.

त्यानंतर फासळ्या. माणसाच्या छातीच्या पिंजऱ्यासारख्या या फासळ्या कण्यापासून दोन्ही बाजूंना वर येतात आणि होडीला आकार देतात. ओकचं सरळ लाकूड असं वाकवायचं कसं? स्लोकमने एक लांब पेटी बनवली, मोठ्या भांड्यात पाणी उकळून त्याची वाफ पेटीत सोडली. कोवळ्या ओकचे सोट त्या वाफेत मऊ होईपर्यंत शिजवायचे, बाहेर काढले की गरम असतानाच ओंडक्यावर वाकवायचे आणि थंड होऊन आकार धरेपर्यंत बांधून ठेवायचे. रोज थोडं थोडं काम पुढे सरकायचं.

न्यू बेडफर्ड हे देवमाशांच्या शिकारीचं मोठं बंदर अगदी समोरच्या तीरावर. तिथले म्हातारे कप्तान गप्पा मारायला यायचे. आधी थट्टा करत असतील, पण होडीच्या नाकाडाला लावलेलं जाड ओक बघितल्यावर त्यांचा सूर बदलला. एका कप्तानाने तर होडीची पुढची बाजू पाहून सांगून टाकलं की ही बर्फातसुद्धा चालेल. पुढे हिंदी महासागरातल्या कीलिंग बेटांजवळ याच नाकाडाने प्रवाळाचा एक खडक दोन तुकडे करून दाखवला आणि होडीला ओरखडासुद्धा आला नाही.

फासळ्या उभ्या राहीपर्यंत वसंत आला होता, सफरचंदाच्या झाडांना मोहोर आला होता. आता बाहेरून फळ्या ठोकायच्या. त्यासाठी जॉर्जिया पाइनच्या दीड इंच जाडीच्या फळ्या आणल्या. हे काम कंटाळवाणं होतं, पण जसजशी एकेक फळी लागत गेली तसतसं होडीचं रूप दिसायला लागलं. डेकखालचे वासे सहा इंच जाडीचे. सगळं पक्कं बसवायला सुमारे हजारभर बोल्ट आणि स्क्रू. स्लोकमने फक्त जुनी नक्कल केली नाही, खोल समुद्रातल्या लाटा लक्षात घेऊन होडीचे काठ जवळपास फूटभर उंचही केले.

आणि मग सगळ्यात नाजूक काम. लाकडी होडीच्या दोन फळ्यांमध्ये फट राहतेच. ती बुजवली नाही तर होडी तरंगणार नाही. स्लोकमने आधी त्या फटींत सुताचा धागा ठोकून बसवला आणि त्यावर जुन्या दोरांचा पिंजलेला काथ्या. बघ्यांपैकी काहींनी माना हलवल्या. त्यांचं म्हणणं, सूत पाण्यात सुटून बाहेर येणार. स्लोकमने ऐकून घेतलं आणि ठोकणं चालू ठेवलं. तळाला तांब्याच्या रंगाचे दोन हात दिले, वरच्या बाजूला पांढऱ्या रंगाचे. डोलकाठीसाठी न्यू हॅम्पशायरमधलं स्प्रूसचं झाड आलं.

पैसे संपले की तो बंदरावर एखाद्या देवमाशाच्या जहाजाची डागडुजी करायला जायचा, चार पैसे मिळाले की परत माळावर यायचा.

असं करत तेरा महिने गेले. सामानाचा एकूण खर्च झाला ५५३ डॉलर ६२ सेंट. मजुरी शून्य, कारण मजूरही तोच आणि मिस्त्रीही तोच. होडी झाली ३६ फूट ९ इंच लांब, १४ फूट २ इंच रुंद. म्हणजे लांबीला साधारण एसटी बसएवढी. पाण्यात सोडल्यावर ती जुन्या गंजक्या नांगराला बांधलेली असतानाही हंसासारखी डौलात तरंगत होती, असं त्याला वाटलं.

आता इथे एक प्रश्न पडतो. जुन्या होडीतलं जवळपास काहीच शिल्लक राहिलं नाही, मग ही तीच स्प्रे कशी? स्लोकमलाही हा प्रश्न पडला होता. त्याने लॉइड्सच्या नियमाचा आधार घेतला. जहाज भागाभागाने दुरुस्त होत पूर्ण नवं झालं तरी त्याचं नाव बदलत नाही. गावाकडचा जुना वाडा आठवा. आजोबांनी वासे बदलले, वडिलांनी कौलं बदलली, नातवाने भिंती लिंपल्या. तरी घर तेच म्हणतात ना, तसंच हे. कुठे जुनी स्प्रे संपली आणि कुठे नवी सुरू झाली, हे बांधणाऱ्यालाही सांगता आलं नाही.

परवडलं का?

लगेच तरी नाही. त्याने एक हंगाम मासेमारी करून पाहिली, पण गळाला आमिष लावण्याचं कसब काही त्याच्या अंगात नव्हतं. ब्राझीलपर्यंत एक युद्धनौका पोहोचवण्याचं काम घेतलं, त्याचे पैसे बुडाले. मग त्याने ठरवलं, होडी आहे, समुद्र आहे, जगाची फेरी मारू.

२४ एप्रिल १८९५ ला बोस्टनहून स्प्रे निघाली. स्लोकम तेव्हा ५१ वर्षांचा. सोबत कुणी नाही. वेळ बघायला जहाजावर लागणारं महागडं घड्याळ दुरुस्त करायला १५ डॉलर लागणार होते, म्हणून ते घरीच राहिलं. वाटेत यारमथ गावात त्याने पत्र्याचं एक साधं घड्याळ घेतलं. किंमत दीड डॉलर, पण काच फुटलेली म्हणून एका डॉलरला मिळालं. त्या घड्याळावर आणि तीस वर्षांच्या अनुभवावर तो जगभर दिशा काढत गेला.

आधी ठरलेलं की भूमध्य समुद्र, सुएझ कालवा असं पूर्वेकडे जायचं. जिब्राल्टरला ब्रिटिश आरमारातल्या अधिकाऱ्यांनी त्या बाजूच्या चाच्यांबद्दल सावध केलं. त्याने बेत बदलला, तरी मोरोक्कोच्या किनाऱ्याजवळ चाचे मागे लागलेच. एका जोराच्या लाटेने त्यांची डोलकाठी मोडली आणि हा निसटला. मग पूर्ण अटलांटिक पुन्हा ओलांडून दक्षिण अमेरिका.

उरुग्वेच्या किनाऱ्यावर स्प्रे वाळूत रुतली. ती ओढून काढायला लहान होडीतून नांगर टाकायला गेला, तर होडी उलटली. तेव्हा कुठे त्याला आठवलं की आपल्याला पोहता येत नाही! उलटी होडी सरळ करत, धरत, कसाबसा तो किनाऱ्याला लागला. ज्या किनाऱ्यासारख्याच किनाऱ्यावर आठ वर्षांपूर्वी अक्विडनेक फुटलं होतं, तिथून स्प्रे मात्र सहीसलामत सुटली.

दक्षिण टोकाला मॅगेलनच्या सामुद्रधुनीत रात्री झोपताना तो डेकवर गालिच्याचे खिळे पसरून ठेवायचा, टोकं वर करून. पुंता अरेनास गावातल्या एका कप्तानाने ते त्याला दिले होते. एका रात्री लुटायला आलेले लोक अनवाणी चढले आणि ओरडत पाण्यात पळाले. पॅसिफिकमध्ये बाहेर पडताच वादळाने त्याला पुन्हा केप हॉर्नच्या दिशेने फेकलं, शीड फाटलं, ते शिवून त्याने तीच सामुद्रधुनी पुन्हा पार केली.

आणि इथेच त्या दुरुस्तीची किंमत कळली. स्प्रेचा तोल इतका नेमका साधला होता की शिडं नीट लावून सुकाणू बांधून ठेवलं की ती आपली आपण सरळ जायची. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या थर्सडे आयलंडपासून कीलिंग बेटांपर्यंतचं अंतर २७०० मैल. प्रवास २३ दिवसांचा. त्यात स्लोकमने सुकाणू हातात धरलं ते सगळं मिळून जेमतेम तीन तास. बाकी वेळ तो वाचायचा, स्वयंपाक करायचा, कपडे शिवायचा, झोपायचा.

दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला त्याची भेट राष्ट्राध्यक्ष क्रूगर यांच्याशी झाली. क्रूगर पृथ्वी सपाट मानणारे. हा माणूस जगाभोवती फिरतोय असं कुणीतरी सांगताच ते वैतागले आणि भोवती असं काही नसतं, असं ठणकावून गप्प बसले. स्लोकमला या भेटीची फार मजा वाटली.

२७ जून १८९८ च्या मध्यरात्रीनंतर स्प्रे अमेरिकेतल्या न्यूपोर्ट बंदरात शिरली. स्पेनशी युद्ध चालू असल्याने बंदरात सुरुंग पेरलेले होते, त्यांना चुकवत. तीन वर्षं दोन महिने झाले होते, ४६ हजार मैलांहून जास्त अंतर कापून झालं होतं. जे सूत सुटेल असं लोक म्हणाले होते ते जागेवरच होतं. होडीत पाणी झिरपलं नव्हतं, ऑस्ट्रेलियानंतर तर पाणी उपसायचा पंप जोडायचीही वेळ आली नव्हती.

पण स्लोकमसाठी प्रवास तिथे संपला नाही. काही दिवसांनी, ३ जुलैला, तो होडी घेऊन फेअरहेवनला गेला. जिथे ती पहिल्यांदा पाण्यात उतरली होती, तिथे काठावर तिला बांधायला एक देवदाराचा खुंट ठोकलेला होता. त्याच खुंटाला त्याने स्प्रे बांधली. परवडेल का असं विचारणाऱ्या गावाला हे उत्तर होतं.

आणि मग दुरुस्ती थांबली

प्रवासाची गोष्ट आधी सेंचुरी मासिकात आली आणि १९०० मध्ये पुस्तक निघालं, सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड. शाळा तिसरीत सुटलेल्या माणसाचं हे पुस्तक आजही छापलं जातं. पैसे आले, नाव झालं. १९०१ मध्ये बफेलोच्या मोठ्या प्रदर्शनात लोक स्प्रे बघायला रांगा लावत होते. १९०२ मध्ये त्याने मार्थाज व्हिनयार्ड बेटावर जमीन आणि घर घेतलं. फळझाडं लावली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला जमिनीवर स्वतःचं घर मिळालं.

त्यात तो टिकला नाही. हेट्टी घरी, हा होडीवर, असा संसार. हिवाळा आला की तो एकटाच कॅरिबियनकडे निघून जायचा, शिंपले आणि शंख आणायचा, गावोगावी भाषणं द्यायचा, पुस्तकं विकायचा.

१९०६ मध्ये न्यू जर्सीत रिव्हर्टन इथे होडी बघायला आलेल्या १२ वर्षांच्या एका मुलीशी गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली. आरोप सुरुवातीला अधिक गंभीर होता, तो नंतर सौम्य झाला. स्लोकमने आरोपाला विरोध केला नाही. ४२ दिवस तुरुंगात काढून तो सुटला. त्याच्या नावाभोवतीची कुठलीही कथा सांगताना हा भाग वगळता येत नाही. विशेष म्हणजे सुटल्यावर काही आठवड्यांतच तो राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या घरी पाहुणा म्हणून गेला आणि त्यांचा मुलगा आर्ची काही दिवस स्प्रेवर राहून आला.

पण होडीचं काय? त्या शेवटच्या वर्षांत तिला पाहिलेल्या लोकांनी जे लिहून ठेवलंय ते वाचवत नाही. दोर झिजलेले, शिडं विटलेली, डेक अस्वच्छ. ज्या माणसाने तेरा महिने एकेका फटीत सूत ठोकलं होतं, त्याच माणसाच्या हाताखाली स्प्रे पुन्हा मोडकळीला चालली होती.

लाकडी होडी एकदा बांधली की झालं, असं नसतं. खारं पाणी, ऊन, लाकूड पोखरणारे किडे यांचं काम रोज चालू असतं. दरवर्षी तिला ओढून कोरडं करा, खरवडा, फटी पुन्हा भरा, रंग द्या. एक-दोन वर्षं टाळलं तरी चालून जातं आणि तीच चूक महागात पडते. कोकणातल्या कुठल्याही मच्छीमाराला विचारा. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून तिची डागडुजी करणं का चुकवत नाहीत, हे तो सांगेल.

१९०९ च्या नोव्हेंबरमध्ये ६५ वर्षांचा स्लोकम व्हिनयार्ड हेवनहून निघाला. दक्षिण अमेरिकेत ओरिनोको नदीतून वर जायचं आणि ॲमेझॉनमधून खाली उतरायचं, असा बेत होता. तो पुन्हा कुणाला दिसला नाही. होडीची एक फळीसुद्धा सापडली नाही.

रात्रीच्या अंधारात एखाद्या आगबोटीने उडवलं असेल, असं काहींना वाटतं. काहींच्या मते वादळात थकलेली होडीच उघडी पडली असेल. नक्की कुणालाच माहीत नाही. १९२४ मध्ये न्यायालयाने त्याला मृत घोषित केलं.

मुंबई आणि गोव्याचा धागा

स्लोकमने दाखवलेल्या वाटेने पुढे अनेकजण गेले. १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या ब्रिटिश खलाशाने कुठेही न थांबता एकट्याने जगाची फेरी पूर्ण केली. असं करणारा तो पहिला माणूस. त्याची ३२ फुटी होडी सुहेली कुठे बांधली होती माहितीये? आपल्या मुंबईत, सागवानी लाकडात. आणि पुढे ती जुनी झाल्यावर नॉक्स-जॉन्स्टन यांनी उतारवयात तिची दुरुस्ती करून तिला पुन्हा पाण्यात उतरवलं. स्लोकमला जे शेवटी जमलं नाही, ते त्यांनी केलं.

मग २००९-१० मध्ये भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे हे एकट्याने शिडाच्या होडीतून जगाची फेरी मारणारे पहिले भारतीय ठरले. त्यांची म्हादेई गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. होडी बांधली जात असताना दोंदे स्वतः त्या कामात होते. समुद्रात काही बिघडलं तर दुरुस्त करायला दुसरं कुणी येणार नसतं, म्हणून होडीचा प्रत्येक सांधा स्वतःला माहीत असावा लागतो. स्लोकमला ही गोष्ट शंभर वर्षं आधी फेअरहेवनच्या माळावर कळली होती.

स्प्रे आज कुठेच नाही. पण स्लोकमने पुस्तकाच्या शेवटी तिची मापं आणि आराखडे देऊन ठेवले होते. त्यावरून जगभरात लोकांनी तिच्या कितीतरी प्रतिकृती बांधल्या. समुद्राच्या पोटात फिरून शास्त्रज्ञांना माहिती पाठवणाऱ्या यंत्रांच्या एका जातीला स्लोकम म्हणतात आणि दुसरीला स्प्रे.

आणि त्या प्रतिकृती जिथे जिथे आहेत, तिथे दरवर्षी कुणीतरी एक माणूस खाली वाकून फळ्यांमधल्या फटी तपासत असतो.